दूरध्वनि आणि आमची इंग्रजी

इ. स. १९९४ च्या जून महिन्यांतील गोष्ट. आम्ही नुकतेच इतिहास विषय घेऊन एम. ए. झालों होतों व दक्षिणेकडील एका महाविद्यालयांत अध्यापकाच्या जागेसाठीं अर्ज केला होता. मुलाखत होऊन तीन आठवडे लोटले, तरी पत्राचा पत्ता नाहीं. तेव्हां वडिलांनीं सुचविलें कीं, टेलिफोन करून विचारावें. आमच्या तालुक्याच्या गांवीं बाजारांत पिवळ्या पाटीचें एक एस. टी. डी. चें दुकान होतें. कांचेच्या त्या अरुंद खोलींत आम्ही शिरलों ते कागदावर सात इंग्रजी वाक्यें लिहून घेऊनच. व्याकरणदृष्ट्या तीं निर्दोष होतीं, एवढें आजही छातीवर हात ठेवून सांगतां येईल. वडील बाहेर उभे राहून यंत्रावरचे तांबडे आंकडे पाहत होते.

पलीकडच्या गृहस्थांनीं आमचें पहिलें वाक्य ऐकून घेतलें आणि लागलीच कागदावर नसलेला प्रश्न टाकला : ‘यू हॅवन्ट गॉट अवर लेटर?’ आम्ही म्हणालों, ‘येस सर.’ मराठी मनुष्यास कोणी विचारलें कीं ‘पत्र मिळालें नाहीं का?’, तर तो म्हणतो, ‘हो, नाहीं मिळालें.’ त्याचा होकार समोरच्याच्या समजुतीस असतो. इंग्रजाचा ‘येस’ वस्तुस्थितीस असतो. त्या गृहस्थांनीं पत्र पोंचलें असें धरलें, पत्रांतल्या तारखेस हजर व्हा म्हणून सांगितलें, आणि टेलिफोन खालीं ठेवला. तारीख कोणती, हें पुन्हा विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. बाहेर येतांच वडिलांनीं विचारलें, ‘काय म्हणाले?’ ‘या म्हणाले.’ ‘कधीं?’ आम्ही म्हणालों, पत्रांत आहे. पत्र आलें तेव्हां तारीख उलटून चार दिवस झाले होते, आणि जागा दुसऱ्यास गेली होती. वडिलांनीं तो विषय पुन्हा कधीं काढला नाहीं.

आमच्या पिढीतील पुष्कळ सुशिक्षितांजवळ असा एखादा प्रसंग निघेल. इंग्रजींत प्रबंध लिहिणारा, सभेंत इंग्रजींत भाषण करणारा मनुष्य टेलिफोनची घंटा वाजून पलीकडून इंग्रजी ऐकूं आली कीं गडबडतो, आणि मग आपली इंग्रजीच कच्ची, असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. इतिहास पाहतां हा निकाल आम्हांस अन्यायाचा वाटतो. दोष थोडा यंत्राचा आहे, थोडा आमच्या शिक्षणाचा. आणि ज्यांच्या कामांत ह्या गोष्टीवर माणसांचे प्राण अवलंबून होते, त्यांनीं तो उच्चाराच्या ऐटीनें दूर केला नाहीं, निराळ्याच वाटेनें केला.

टेलिफोनचा जन्म झाला तो उच्चार शिकविणाऱ्यांच्या घराण्यांत, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याचा आजा लंडनमध्यें वक्तृत्व व शुद्ध उच्चार शिकवी. बाप एडिंबरोस तोच व्यवसाय करी, आणि तोंडांतील कोणत्या स्थानापासून कोणता वर्ण निघतो हें चिन्हांनीं दाखविणारी लिपि त्यानें १८६७ सालीं प्रसिद्ध केली. बेल स्वतः बहिऱ्या मुलांस बोलावयास शिकवीत असे. त्याच्या आईस फार कमी ऐकूं येई. पत्नी मेबल हिला तर लहानपणीं तापानें पूर्ण बहिरेपण आलें होतें. तथापि ती ओठांकडे पाहून समोरच्याचें बोलणें उत्तम समजून घेई व स्वतः बोलतही असे. १८७६ च्या मार्चमध्यें बेलला सनद मिळाली व तीनच दिवसांनीं त्यानें तारेवरून आपल्या सहायकास हांक मारली. परंतु समोरासमोर कोणाशींही बोलूं शकणाऱ्या त्या बाईस नवऱ्याच्या यंत्राचा कांहीं उपयोग नव्हता, कारण त्या यंत्रास ओठ नव्हते.

मेबल बेलची ही अडचण थोड्याबहुत प्रमाणांत आपणां सर्वांचीच आहे. आपण केवळ कानांनीं ऐकतों हा एक भ्रम आहे. सम्बी आणि पोलॅक ह्या दोघां संशोधकांनीं १९५४ सालीं दाखवून दिलें कीं, गोंगाटांत बोलणाराचा चेहरा दिसत असला तर शब्द कितीतरी अधिक कळतात. आपल्या मातृभाषेंत निम्मा शब्द हुकला तरी बाकीचा आपण भरून काढतों. परक्या भाषेंत तो भरावयास मनाच्या कोठींत तेवढा सांठा नसतो. म्हणून तेथें डोळ्यांची मदत अधिक लागते, आणि टेलिफोन नेमकी तीच काढून घेतो. त्यांत आणखी एक भर. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनांपर्यंतचाच ध्वनि पलीकडे पोंचविला जाई. ‘स’ आणि ‘फ’ ह्यांसारख्या इंग्रजी वर्णांची ओळख पटते ती बहुतेक ह्या मर्यादेच्या वरच्या कंपनांत. म्हणून तेथें ‘एस’ व ‘एफ’ हीं अक्षरें जन्मानें इंग्रज असलेल्यासही निरनिराळीं करतां येत नसत. अलीकडच्या जाळ्यांतून याहून रुंद ध्वनि जाऊं लागला आहे. परंतु दीडशें वर्षांपैकीं बहुतेक काळ लोक आपल्या कानास दोष देत राहिले, तो दोष तारेचा होता.

आपल्या देशांत हें यंत्र फार लवकर आलें. २८ जानेवारी १८८२ रोजीं कलकत्त्यास मेजर बेरिंग ह्यांनीं टेलिफोनचें केंद्र उघडलें, तेव्हां त्याचे ९३ ग्राहक होते. त्याच वर्षीं मुंबई व मद्रास येथेंही केंद्रें निघालीं. मुंबई विद्यापीठास त्या वेळीं अवघीं पंचवीस वर्षें झालीं होतीं. परंतु विद्यापीठांतून बाहेर पडणारी इंग्रजी आणि टेलिफोनास हवी असलेली इंग्रजी ह्यांची गांठ पडली नाहीं. आमच्याकडे ती भाषा डोळ्यांवाटे आली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून पिढ्यान् पिढ्या तयार झाल्या; मराठी वाक्य घ्यावें, त्याचें इंग्रजी करावें, पुन्हा उलट करावें. त्या पुस्तकांचें ऋण आम्ही मानतों. त्यांच्यामुळें खेड्यांतील मुलगा न्यायालयांत व कचेरींत जाऊन बसला. पण भाषांतर करण्यास वेळ लागतो, आणि कागद तो वेळ देतो. तारायंत्रानेंही तो दिला. दहा शब्द लिहावे, एक खोडावा, मग पाठवावे. टेलिफोन मात्र उत्तरासाठीं क्षणभरही थांबावयास तयार नसतो. तेथें गप्प बसलें कीं पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करूं लागतो. (हा ‘हॅलो’ एडिसनचा, त्यानें १८७७ सालीं तो सुचविला. बेलला खलाशांचा ‘अहॉय’ आवडे. तो रूढ झाला असता तर आमच्या आजोबांचें काय झालें असतें, कोण जाणे!)

बरें, टेलिफोन असे कोणाच्या घरीं? साहेबाच्या, पेढीच्या, कचेरीच्या. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत तो यावयास पुष्कळ काळ जावा लागला. खडकी व दौंड येथील बिनतारी केंद्रांतून १९२७ सालापासून विलायतेशीं संदेशांचें दळणवळण सुरू झालें, आणि १९३३ सालीं मुंबईहून लंडनशीं प्रत्यक्ष बोलण्याची सोय झाली. मराठी मुलखांतील दौंडसारख्या गांवावरून लंडनचा आवाज येऊं लागला, तरी दौंडच्या शाळामास्तरास त्या आवाजाशीं बोलण्याचा प्रसंग कधीं येणार? त्यामुळें टेलिफोनवरील इंग्रजी ही आमच्या मनांत वरिष्ठाची भाषा म्हणूनच ठसली. पुन्हा विचारणें म्हणजे उद्धटपणा, ही समजूत त्याच काळची असावी असें आम्हांस वाटतें. १९९४ सालीं त्या कांचेच्या खोलींत आमची जीभ धरून ठेवली ती ह्याच समजुतीनें.

आतां दुसरी बाजू पाहूं. विमान चालविणारा आणि जमिनीवरून त्यास वाट दाखविणारा, ह्यांचें बोलणें बिनतारी दूरध्वनीवरूनच होतें. चेहरा नाहीं, वेळ नाहीं, आणि पुष्कळदां दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नाहीं. युद्धकाळांत इंग्रज-अमेरिकन सैनिक अक्षरें सांगतांना ‘एबल, बेकर’ असे शब्द वापरीत. ते इंग्रजाच्या तोंडास सोयीचे होते. युद्धानंतर जगभर विमानें फिरूं लागतांच हे शब्द पुरेनात. तेव्हां माँट्रिअल येथील प्राध्यापक झाँ-पॉल व्हिने ह्यांच्या साहाय्यानें नवे शब्द निवडण्यांत आले, निरनिराळ्या भाषांच्या लोकांकडून ते वदवून घेऊन पारखण्यांत आले, आणि आजची ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही माळ १९५६ सालीं कायम झाली. त्यांत ‘अल्फा’ हा शब्द मुद्दाम ‘एफ’नें लिहिला, कारण ‘पीएच’चा उच्चार ‘फ’ होतो हें सर्वांसच ठाऊक असतें असें नाहीं. ‘जूलिएट’च्या अंतीं दोन ‘टी’ घातले, नाहींतर फ्रेंच माणूस शेवटचा वर्ण गिळावयाचा. तीनास ‘ट्री’ म्हणावें, पांचास ‘फाइफ’, नवास ‘नायनर’, असें ठरलें. म्हणजे इंग्रजांनाच आपली इंग्रजी थोडी मोडून घ्यावी लागली! आमच्याकडे ‘फिफ्टी’ व ‘फिफ्टीन’ ह्यांचा घोटाळा नेहमीं होतो, कारण शब्दांतील आघातावर अर्थ टांगण्याची मराठीस संवय नाहीं. विमानवाले पंधरास ‘वन फाइफ’ म्हणून मोकळे होतात. ह्याशिवाय एक नियम सर्वांत मोठा : ऐकलेली आज्ञा ऐकणारानें परत म्हणून दाखवावयाची. तेथें पुन्हा बोलणें हा उद्धटपणा नसून कर्तव्य आहे.

हे नियम असूनही भाषा अपुरी पडली तर काय होतें, तें आपल्याच देशांत दिसलें. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळीं दिल्लीहून निघालेलें सौदी अरेबियाचें विमान आणि दिल्लीस उतरूं पाहणारें कझाकस्तानचें विमान हरयाणांतील चरखी दादरी गांवाजवळ आकाशांत एकमेकांवर आदळलीं. ३४९ माणसें गेलीं. एकही वांचला नाहीं. कझाक विमानास १५००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती, तें त्याखालीं उतरलें. त्या विमानांत जमिनीशीं इंग्रजी बोलण्याचें काम चालकाकडे नव्हतें, तें एका निराळ्या माणसाकडे होतें. न्यायमूर्ति लाहोटी ह्यांच्या चौकशींत, नेमून दिलेली उंची सोडणें हें कारण ठरलें, आणि त्यामागें त्या चालकवर्गाच्या अपुऱ्या इंग्रजीचाही निर्देश झाला. पुढें आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें २००३ सालीं भाषेच्या कसोट्या घातल्या व २००८ पासून त्या लागू झाल्या. त्या कसोट्यांत केवळ आवाजावरून, म्हणजे टेलिफोन व बिनतारी दूरध्वनीवरून, बोलतां येणें हें समोरासमोर बोलण्याहून वेगळें नमूद केलें आहे. उच्चार इंग्रजासारखा असावा असें कोठेंही म्हटलेलें नाहीं. तो इतरांस कळावा एवढीच अट आहे. गैरसमज झाला आहे हें ओळखणें, विचारून खात्री करून घेणें, तो निस्तरणें, ह्यांस मात्र तेथें स्पष्ट स्थान आहे.

ह्याच सुमारास मुंबई-पुण्याकडे परदेशांतील ग्राहकांचे टेलिफोन घेणाऱ्या कचेऱ्या निघाल्या. तेथें आमच्या मुलामुलींस अमेरिकन वळण घोटून शिकविलें जाई. कित्येकांस इंग्रजी नांवें देण्यांत आलीं. पोटासाठीं त्यांनीं तें केलें, त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण दुसऱ्याच्या नांवानें व दुसऱ्याच्या नाकांतून बोलून येणारा आत्मविश्वास पाळी संपली कीं तेथेंच टांगून ठेवावा लागतो.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. भाषा शिकविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तथापि गेलीं कांहीं वर्षें महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या मुलांस आम्ही एक खेळ घालून दिला आहे. दोन खुर्च्या पाठीस पाठ लावून ठेवावयाच्या, दोघांनीं बसून इंग्रजींत बोलावयाचें, वळून पाहावयाचें नाहीं. प्रथम मुलें हंसतात. मग त्यांस कळूं लागतें कीं, आपण मान हालवून होकार देत होतों आणि पलीकडे तो पोंचतच नव्हता. ‘हू आर यू?’ हा प्रश्न ‘कोण बोलतंय?’ ह्याचें भाषांतर असला तरी त्याच्यासारखा सौम्य नाहीं, हेंही कळतें. ‘ठेवूं का?’ ह्याचें ‘शॅल आय कीप?’ करणारा एक तरी दरवर्षीं निघतो, आणि सर्वांत मोठ्यानें तोच हंसतो. आम्हीं नियम दोनच ठेवले आहेत. आंकडा व तारीख परत म्हणून दाखवावयाची. आणि नकारार्थी प्रश्नास नुसतें ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणावयाचें नाहीं, पूर्ण वाक्य बोलावयाचें.

गेल्या फेब्रुवारींत आमच्या एका विद्यार्थिनीस परदेशांतील एका विद्यापीठाकडून टेलिफोन आला. वर्गांत गोंगाट होता म्हणून ती व्हरांड्यांत गेली. तिच्या हातीं कागद नव्हता. आम्ही दाराशीं उभे होतों; ऐकूं नये हें कळत होतें, पण पाय हालेना. पलीकडून काय विचारलें तें अर्थात् ऐकूं आलें नाहीं. ती क्षणभर थांबली आणि आपल्या स्वच्छ सांगली वळणाच्या इंग्रजींत म्हणाली कीं, नाहीं, आपलें पत्र मला अद्याप मिळालेलें नाहीं, कृपा करून तारीख सांगाल का? मग तिनें ती तारीख एकेक आंकडा करून परत म्हणून दाखविली, आणि भिंतीवर टेकून पेन्सिलीनें तळहातावर लिहून घेतली.