पॉटलिकर
१२. पॉटलिकर : अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यांत कोलार्डचा पाला खारवलेल्या डुकराच्या मांसासोबत मंद आचेवर बराच वेळ शिजवून भाजी काढून घेतल्यावर भांड्यात उरणारा हिरवट, खारट रस. नावात ‘लिकर’ असले तरी यात दारू नसते. पुरणाच्या डाळीचा कट हा आपल्याकडचा त्याचा जवळचा नातेवाईक, म्हणूनच अनुवादात मूळ शब्द बदलून ‘सूप’ करणे मला पटले नाही. गुलामगिरीच्या काळात भाजी मालकाच्या ताटात जाई आणि रस राबणाऱ्यांच्या वाट्याला येई. पाल्यातली बरीच जीवनसत्त्वे मात्र त्या रसातच उतरलेली असत. मक्याची भाकरी त्यात बुडवावी की कुस्करावी, यावर १९३१ साली लुइझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ हे वृत्तपत्र यांच्यात जाहीर वाद रंगला होता. लाँग बुडवणाऱ्यांच्या बाजूचे; मूळ लेखिकेची आजी कुस्करणारी.