एका मुष्टियोद्ध्याच्या चरित्राचा शोध

जून २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि सोलापुरातील आमच्या धर्मग्रामातील काही मुले तो पाहून आली. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात त्यांपैकी एकाने आम्हांला गाठले व विचारले, “काका, यातले खरे किती?” मुलाचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. त्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडला, तेव्हापासून कमरेखाली लुळा होऊन अंथरुणाला खिळला आहे. चित्रपटातील गोष्ट भावाला सांगावी की नाही, हे त्या मुलाला ठरवायचे होते. ती खोटी निघाली तर भावाला दिलेला धीरही खोटाच ठरणार होता.

आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. तेव्हा ज्यांच्या जीवनावर हा चित्रपट बेतला आहे, त्या मुरलीकांत राजाराम पेटकर यांच्याविषयी जे जे छापले गेले आहे ते एकापुढे एक मांडून पाहण्याचे आम्ही ठरविले. चरित्र लिहिण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. मात्र चरित्र लिहू पाहणाऱ्याला कोणत्या वाटेने जावे लागेल, हे या निमित्ताने आम्हांला उमगले. तेच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी पेठ या गावी झाला. आज आपण ‘सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुका’ असे सहज म्हणतो. परंतु १९४४ साली सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्या काळातील माणसाची नोंद सांगलीच्या नावाने शोधू जाणाऱ्याच्या हाती म्हणून काही लागणार नाही. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार ज्या वर्षांत याच मुलखात जोरात होते, त्याच वर्षांतला हा जन्म होय. कुस्तीच्या तालमी, गावची भांडणे आणि घर सोडून फौजेत जाणारी पोरे हे तिथल्या जीवनाचे नित्याचे अंग होते. पेटकरही बालवयातच सैन्याच्या मुलांच्या तुकडीत दाखल झाले आणि पुढे विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात, म्हणजे ‘ई. एम. ई.’मध्ये, क्राफ्ट्समन झाले. रणगाडे, मोटारी आणि शस्त्रे दुरुस्त करून लढत्या फौजेला पुन्हा उभे करणे हे या दलाचे काम. या दलाचे मोठे केंद्र सिकंदराबादला आहे, आणि पुण्याहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग आमच्या सोलापुरावरूनच जातो. सुट्टीवर ये-जा करणारे किती जवान आमच्या फलाटावर चहा पिऊन गेले असतील, याची नोंद कोण ठेवतो?

फौजेत त्यांच्या हातांवर मुष्टियुद्धाचे मोजे चढले. हौशी मुष्टियुद्धात त्या काळी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत. पाहणाऱ्याची नजर ठोशावर असते. पण जाणकार सांगतात की ठोसा मुठीतून नव्हे, पायांतून निघतो. टाच उचलते, कंबर वळते आणि मग खांदा व मूठ पुढे जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढे या मनुष्याने काय गमावले ते नीट कळते.

१९६४ साली टोकियो येथील सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत ते मुष्टियोद्धा म्हणून उतरले, असे त्यांच्याविषयीच्या लेखांत आढळते. येथे शोधकाने सावध राहावे. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात टोकियोला ऑलिंपिकही भरले होते. शहर एक आणि वर्ष एक, म्हणून घाईत लिहिणारा दोन्हींची गल्लत करू शकतो. स्पर्धा मात्र निराळ्या.

१९६५ च्या भारत-पाक युद्धात पेटकर गोळ्या लागून जबर जखमी झाले. गोळ्या किती लागल्या याचा आकडा लेखागणिक बदलतो. घटनास्थळ कोणी काश्मीर लिहितो, कोणी सियालकोट. सियालकोटच्या आघाडीवर भारतीय फौजा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुढे सरकल्या आणि २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला. ज्याला हा तपशील हवा असेल त्याने युद्धाची दैनंदिनी आणि रुग्णालयाचे कागद पाहावेत; वृत्तपत्रांतील मुलाखतींवर विसंबू नये. जखमी माणसाच्या स्मरणावर सर्व भार टाकणे तर अन्यायाचेच ठरेल. कारण या घावानंतर काही काळ त्यांची स्मृतीच हरपली होती. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घ उपचार झाले. कण्यातील इजेमुळे कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या पायांतून ठोसा निघत होता ते पायच गेले.

सर्व लेखांत मोठी गल्लत आहे ती १९७२ सालाविषयी. ‘म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक’ असे वाक्य आम्ही अनेकदा वाचले. वस्तुस्थिती अशी की अपंगांच्या त्या जागतिक स्पर्धा म्युनिकला नव्हे, तर जर्मनीतीलच हायडेलबर्ग या शहरी ऑगस्ट १९७२ मध्ये झाल्या. म्युनिकचे क्रीडाग्राम ऑलिंपिकनंतर रहिवासी घरांसाठी द्यायचे असल्याने तेथे या स्पर्धांची सोय होऊ शकली नाही. म्युनिक ऑलिंपिक २६ ऑगस्टला सुरू झाले आणि इस्राएली खेळाडूंवरील दहशतवादी हल्ला ५ सप्टेंबरला झाला. तोवर हायडेलबर्गच्या स्पर्धा संपल्या होत्या. या दोन घटना एकाच चित्रात बसविणे तारखांना मान्य नाही.

हायडेलबर्गला चाळीसहून अधिक देशांचे खेळाडू आले होते. तेथे पेटकरांनी ५० मीटर मुक्तशैली पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवून सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णाचा पहिला मान २००८ साली बीजिंगमध्ये नेमबाज अभिनव बिंद्रा यांना मिळाला. दोन्ही विधाने खरी आहेत. एकाचा मान वाढविण्यासाठी दुसऱ्याचा पुसण्याचे कारण नाही.

जुन्या कागदांत शोध घेणाऱ्यास आणखी एक अडचण येते. ‘पॅरालिंपिक’ या नावाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता १९८४ साली मिळाली. त्यापूर्वी या ‘आंतरराष्ट्रीय स्टोक मँडव्हिल क्रीडास्पर्धा’ होत्या. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४८ साली स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात कण्याची इजा झालेल्या १६ सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्यापूर्वी अशा रुग्णांना अंथरुणातच ठेवीत आणि त्यांतील बरेच जण थोड्याच काळात दगावत. खेळ हा उपचार आहे, करमणूक नव्हे, असे गुटमान यांचे म्हणणे होते. १९६० साली याच स्पर्धा रोम येथे तेवीस देशांच्या सुमारे ४०० खेळाडूंसह झाल्या आणि अखेरीस पोप तेविसावे जॉन यांनी चाकांच्या खुर्च्यांतून आलेल्या त्या पाहुण्यांचे व्हॅटिकनमध्ये स्वागत केले. भारत या स्पर्धांत प्रथम उतरला तो १९६८ साली तेल अवीव येथे. त्या पथकातही पेटकर होते. तेथे ते टेबल टेनिस खेळले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चित्रपट सोडून नोंदींकडे गेल्याने गोष्ट लहान होते की मोठी? सोलापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढून स्वतःच डॉक्टरांची भूमिका केली. त्या चित्रपटाने कोटणीसांचे नाव घरोघरी नेले, हे उपकारच. पण कित्येकांच्या डोळ्यांपुढे कोटणीस म्हटले की शांतारामांचाच चेहरा येतो. चित्रपट स्मृती जागवितो आणि तिच्यावर पडदाही टाकतो.

पेटकरांच्या बाबतीत पडद्याआड काय राहते? आमच्या मते, इतरांचे हात. पोहणे त्यांच्या जीवनात प्रथम आले ते उपचार म्हणून. परदेशी जाण्यासाठी त्यांना साहाय्य मिळाले ते क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या खटपटीतून. पुण्याच्या टेल्को कारखान्यात त्यांना पोटापाण्याचे काम मिळाले. आणि काळ? १९६५ ची जखम आणि १९७२ चे पदक यांत सात वर्षे आहेत. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला ती सात वर्षे दाखविता येत नाहीत. दाखवावी लागते ती एका माणसाची जिद्द. जिद्द खरीच होती. परंतु केवळ जिद्दीची गोष्ट अंथरुणावरील मनुष्याला सांगितली, तर तो उठला नाही यात दोष त्याचाच, असा तिचा अर्थ होऊन बसतो.

मान्यतेसही विलंब लागला. पद्मश्री २०१८ साली मिळाली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांना जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. देशाने विसरलेल्या माणसाच्या नोंदीही विसरल्या जातात, आणि मग ऐकीव गोष्टी त्यांची जागा घेतात. चूक सांगणाऱ्यांची तितकी नाही, जितकी वेळेवर न लिहिणाऱ्यांची आहे.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि हे सारे त्याच्या भावाच्या खाटेशी बसून सांगितले. गोळ्यांचा आकडा आम्हांला सांगता आला नाही. ३७.३३ सेकंद मात्र सांगितले, सात वर्षेही सांगितली, आणि उपचारात पोहणे होते हेही सांगितले. चित्रपटाविषयी त्याने काही विचारले नाही. बराच वेळ छताकडे पाहून तो म्हणाला, “सात वर्षे म्हणजे माझी अजून पाच आहेत.” मग त्याने धाकट्याला विचारले की कण्याच्या इजेवर व्यायाम शिकविणारे कोणी आपल्या गावात आहे का.

त्या चौकशीस आम्ही दुसऱ्याच दिवशी लागलो.