श्रमाचे फळ डोळ्यांनी पाहावे

माणिकगडाच्या परिसरात राहणाऱ्या आपणा गडचांदूरकरांना सिमेंटचे पोते काही नवे नाही. त्या पोत्याने कोणाचे घर उभे राहिले, हे मात्र ते भरणाऱ्यास सहसा कळत नाही. आपल्या कामाने दुसऱ्याचे भले झालेले पाहिले, तर काम करणाऱ्याच्या मनाचे काय होते? उत्तरासाठी दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील वरोऱ्याचा इतिहास पुरेसा आहे.

बाबा आमटे ह्यांनी १९५१ साली मोजक्या कुष्ठरोग्यांसह तेथील खडकाळ जमिनीवर आनंदवनाचा आरंभ केला. नव्या औषधांनी रोग आटोक्यात येऊ लागला होता. परंतु बरा झालेल्या माणसाला समाजात जागा नव्हती. दान घेऊन तो जगला असता, पण ताठ उभा राहिला नसता. म्हणून त्याच्या हाती कुदळ आली. विहिरी खणल्या गेल्या, भाजी पिकू लागली. मात्र ती विकत घेण्यास गावकरी कचरत. १९५४ साली देशोदेशीचे स्वयंसेवक येऊन ह्या रुग्णांबरोबर राबले, तेव्हा ती भीती ओसरू लागली.

पुढे १९६४ साली आनंदनिकेतन महाविद्यालय निघाले. ज्या हातांचा स्पर्श लोक टाळीत, त्याच हातांनी लोकांच्या मुलांसाठी त्याची इमारत बांधली. पोटापुरते पिकविणारा आता दुसऱ्यास देणारा झाला, आणि आपले देणे वर्गावर्गांत भरलेले त्याला रोज दिसू लागले. आनंदवनाच्या उभारीचे मर्म आम्हांस येथे सापडते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोगही हेच सांगतो. विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून निधी मागणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी अवघी पाच मिनिटे भेटला; महिन्याने त्यांचा दूरध्वनीवरील वेळ १४२ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

ह्यावरून कोणी मालकाने मजुरीऐवजी समाधान वाटू नये. रास्त वेतन हा हक्कच आहे, समाधान त्यानंतरचे. परंतु गावात नवी शाळा उघडेल, तेव्हा पाहुण्यांच्या रांगेत तिचे गवंडी व पोती भरणारे कामगार बसवावेत, एवढे तरी आपल्या हाती खचित आहे.