एका शाफ्टवरची सोयरीक

माघ लागला की हदगाव तालुक्यात हळदीची घाई सुरू होते. हळद शिजवायचे लोखंडी कुकर बाहेर निघतात. कुणाचा पाइप गळत असतो, तर कुणाच्या ट्रॉलीचा हुक तुटलेला असतो. काम शेतात असतं आणि शेतात लाइट असेलच असं नाही. अशा वेळी डिझेलवर चालणाऱ्या वेल्डिंग मशीनची आठवण होते. एका लोखंडी सांगाड्यावर एकीकडे ऑइल इंजन, दुसरीकडे जनरेटर आणि दोन लांब केबल, असा तिचा थाट. पण पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून राहिलेली ही मशीन हँडल मारून मारून खांदे भरून आले तरी उठत नाही. मग कुणीतरी म्हणतं, द्या आता भंगारात.

देण्याआधी तिचं कूळ पाहावं. तिच्यातला एकेक भाग कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीवर तोडगा म्हणून जन्मला आहे, आणि मशीन अडते तीही बहुधा त्याच अडचणीपाशी.

डिझेल हे तेलाचं नाव होण्याआधी माणसाचं नाव होतं. रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये एका जर्मन घरात जन्मला. सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते, हे आपण सगळ्यांनी हाताला अनुभवलं आहे. डिझेलचं इंजिन याच तत्त्वावर उभं आहे. हवा इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेनं तेल पेटावं, ठिणगीची गरजच पडू नये. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन कसोटीला उतरलं. तेलातली २६ टक्के उष्णता त्यानं कामाला लावली. आपल्याकडच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनातही हवा साधारण १७ पट दाबली जाते आणि ५०० अंशांच्या वर तापते.

म्हणून पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. डिकॉम्प्रेशनचा खटका खाली ठेवून फ्लायव्हील हातानं हळू फिरवावं. दाबाशी येऊन ते अडलं आणि उलटं ढकललं गेलं, तर इंजिनात जीव आहे. सहज फिरत राहिलं, तर व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. इनटेकमधून चमचाभर ऑइल सोडल्यावर कॉम्प्रेशन परत आलं, तर दोष रिंगांचा समजावा. ऑइल चमचाभरापेक्षा जास्त नको. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनानं उलटा झटका दिला तर वेढा घातलेला अंगठा मोडतो.

डिझेलच्या पहिल्या इंजिनात तेल आत फवारायला दाबलेली हवा लागे आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. त्यामुळे इंजिन अवजड झालं. ती अडचण पंपानं सोडवली. १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या संख्येनं बनू लागले आणि लहान इंजिनांची वाट मोकळी झाली. मात्र या पंपाला हवा चालत नाही. तेल दबत नाही म्हणून दाब चढतो, हवेचा बुडबुडा मात्र दबतो आणि सगळा जोर खाऊन टाकतो. मिस्त्री म्हणतात, इंजिनानं एअर धरली. टाकी रिकामी होऊ दिली की हे हमखास होतं.

टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी आधी काढावं. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावं, त्यानंतर पंपावरचा. शेवटी नोझलकडं जाणारा नट सैल करून हँडल मारावं. तेल उसळून आलं, तर पंप ठीक. नट घट्ट केल्यावर नोझलमधून करकर आवाज आला, तर नोझलही बहुधा ठीक.

हे इंजिन आपल्या शिवारात आलं त्याचा मोठा वाटा किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. तेव्हा हदगाव निजामाच्या राज्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. पुढं गावोगाव विहिरींवर इंजिनं बसली. विजेच्या मोटारी आल्यावर त्यातली काही विहिरीवरून उतरून जनरेटरला जोडली गेली.

आता दुसरं घराणं. पूर्वी तुटलेला फाळ जोडायचा तर लोहार दोन्ही तुकडे भात्यावर पांढरे होईतो तापवी आणि ऐरणीवर ठोकून एक करी. पितळेच्या भांड्याला डाग देत. १८८१ मध्ये निकोलाय बेनार्दोसनं कोळशाच्या कांडीतून विजेची ज्वाळा काढून धातू जोडला. १८८८ मध्ये रशियातल्या पर्म इथं निकोलाय स्लाव्यानोवनं कोळशाऐवजी धातूचीच कांडी वितळवून भर घातली. त्यानं जोडला तो वाफेच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट. पण उघड्या कांडीच्या जोडाला हवा लागून तो ठिसूळ होई. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गनं कांडीवर लेप चढवला आणि आज आपण वापरतो तो रॉड जन्मला. त्यानं १९०४ मध्ये काढलेली कंपनी म्हणजे एसॅब. मुंबईत १९५१ मध्ये अडवाणी-ओर्लिकॉन सुरू झाली आणि इथंच रॉड बनू लागले. दहा नंबरच्या रॉडला शंभराच्या वर अँपिअर लागतात.

ते अँपिअर देतो जनरेटर. इंजिन सुरू झालं, पण रॉड लोखंडाला लावल्यावर साधी ठिणगीही पडत नाही, हा दुसरा आजार. त्याचं मूळ १८६७ मध्ये आहे. त्या वर्षी वेर्नर सीमेन्स आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की जनरेटरला बाहेरचं चुंबक लागत नाही. लोखंडात मागच्या खेपेचं थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. त्यातून थोडी वीज होते, ती वीज चुंबक वाढवते आणि पाहता पाहता जोर चढतो. म्हणजे हे विरजणासारखं आहे. कालचं चमचाभर ठेवलं तरच आजचं दही लागतं.

मशीन महिनोन्‌महिने पडून राहिली की हे विरजण संपतं. आधी ब्रश आणि कॉम्युटेटर साफ करून पाहावं. तरी वीज झाली नाही, तर इंजिन बंद ठेवून, ब्रश उचलून, फील्डच्या तारांना १२ व्होल्टच्या बॅटरीचा काही सेकंद स्पर्श द्यावा, अधिकला अधिक आणि उण्याला उणे. बॅटरी काढल्यावरच इंजिन सुरू करावं. हा उपाय जुन्या ब्रशवाल्या मशीनचा आहे. इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेल्या नव्या मशीनवर तो करू नये.

दाब, तेल आणि चुंबक, या तीन तपासण्या झाल्याशिवाय मशीन भंगाराच्या काट्यावर चढवू नका. आणि ती उठली, की महिन्यातून एकदा तरी दहा मिनिटं चालवा, एखादा रॉड जाळा. पुढच्या माघात हँडल कमी मारावं लागेल.