माती, गादी आणि नियम

बुलढाणा जिल्ह्यातील यात्रांत ज्यांनी कुस्तीचा फड पाहिला आहे, त्यांना निकालाचा आपला नियम समजावून सांगावयास नको. पाठ मातीला लागली की कुस्ती झाली. गुणांची बेरीज तेथे कोणी मांडीत नाही. हा नियम घेऊन आपला मल्ल जगाच्या मैदानात उतरला काय, हा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

१९४८ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे माती नव्हती, गादी होती. आणि पाठ लागली नाही तरी पंचांच्या कौलावर विजय ठरत असे. ह्या परक्या नियमांत ते सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तथापि मल्ल गेला, त्याची माती व त्याचा नियम घरीच राहिला.

त्याच वजनगटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले. त्यांच्या देशाची जुनी कुस्ती, सुमो, हीही ऑलिंपिकबाहेरच होती. परंतु तिने निराळी वाट धरली. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांसाठी १९८१ पासून 'वर्ल्ड गेम्स' भरू लागले; त्यांत २००१ साली जपानमधील आकिता येथे आणि २००५ साली जर्मनीतील डुईसबुर्ग येथे हौशी सुमो खेळली गेली. जपानच्या व्यावसायिक सुमोत वजनगट नाहीत, आणि स्त्रीला रिंगणात पाऊल ठेवण्याची मुभा नाही. हौशी सुमोने ह्या दोन्ही गोष्टी सोडल्या. पुरुषांसाठी ८५ किलोपर्यंत, ११५ किलोपर्यंत व त्याहून अधिक असे गट केले, शिवाय सर्वांसाठी एक खुला गट ठेवला. स्त्रियांच्याही लढती लावल्या. जपानबाहेर तर अनेकदा मातीऐवजी गादीचे रिंगण चालवून घेतले. मात्र रिंगणाबाहेर गेला, किंवा तळपायाखेरीज अंगाचा कोणताही भाग भूमीस लागला, की हार, हा नियम तिने सोडला नाही.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे, आणि ते वऱ्हाडातीलच आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला गेले आणि तेथे त्याने आपले देशी खेळ दाखविले. त्यांत कबड्डी होती. त्या वेळी ते केवळ प्रदर्शन होते. परंतु १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाली, आणि पहिले सुवर्णपदक भारताने जिंकले. पुढे कबड्डीही मातीवरून गादीवर आली. तरी चढाई आणि पकड आपलीच राहिली.

यास्तव माती गेली म्हणून खेळ गेला, असे आम्ही मानीत नाही. जगात जाताना काहीतरी सोडावे लागतेच. काय सोडावयाचे, हे मात्र खेळणाऱ्यांनी स्वतः ठरवावयाचे असते. सुमोने व कबड्डीने ते ठरविले. मातीतल्या कुस्तीसाठी ते आपण अद्याप ठरविलेले नाही. मुलींना फडात मानाने उतरवावयाचे काय, जोड लावताना वजन पाहावयाचे काय, येथून आरंभ करता येईल. पाठ लागल्यावाचून विजय नाही, एवढे जपले तरी ती कुस्ती आपली म्हणून ओळखू येईल.