विलंब कोणाच्या वाट्याला?

ऑगस्ट १९९६ मध्ये जॉन कारमॅक यांनी एक जाहीर टिपण लिहिलं. ‘क्वेक’ हा त्यांचा गेम लोकांच्या हाती पडून जेमतेम दीड महिना झाला होता. नेटवर्कची बांधणी करताना आपला मूळ हिशेबच चुकला, असं त्यांनी त्यात सरळ कबूल केलं. विलंब २०० मिलिसेकंदांच्या आत राहील, असं त्यांनी धरलं होतं. खेळणारे बहुतेक जण मात्र मोडेमवरून येत होते आणि त्यांचा विलंब ३०० मिलिसेकंदांच्या पुढे जात होता. कारमॅक यांच्या घरी टी-१ ही थेट डिजिटल जोडणी होती, त्यामुळे मोडेमवाल्यांचं दुखणं त्यांना अनुभवाने ठाऊकच नव्हतं.

या कबुलीचं मोल फार मोठं आहे. बटण दाबल्यावर त्याचा परिणाम दिसेपर्यंत जाणारा वेळ पूर्णपणे पुसता येत नाही, हे तिच्यात गृहीत होतं. मग तो वेळ सोसायचा कोणी? गेम बांधणारे पुढची पंचवीस वर्षं याच प्रश्नाशी झगडत राहिले.

‘क्वेक’च्या आधीचा ‘डूम’ हा गेम १० डिसेंबर १९९३ ला आला, तेव्हा हा प्रश्न इतका टोकदार नव्हता. चार संगणक एकाच खोलीत तारेने जोडलेले असत. प्रत्येक संगणक आपल्या खेळाडूने दाबलेल्या कळा बाकीच्यांना कळवी आणि सगळे मिळून सेकंदाला ३५ पावलं पुढे सरकत. एकाचीही माहिती पोचली नाही तर उरलेल्या तिघांना थांबावं लागे. विलंब सर्वांना सारखा, एवढा न्याय त्यात होता. पण पहिल्या आवृत्तीने जाळ्यावर संदेशांचा इतका मारा केला, की कार्नेगी मेलन विद्यापीठासारख्या ठिकाणी लगोलग मनाईच्या सूचना निघाल्या.

‘क्वेक’ने ही रीत मोडली. खेळाचं खरं चित्र एकट्या सर्व्हरपाशी राहू लागलं आणि घरचा संगणक फक्त कळा पाठवून उत्तराची वाट बघू लागला. त्यामुळे एकाच्या संथ जोडणीची शिक्षा इतरांना होईना. ती ज्याची त्यालाच. मोडेमवरच्या माणसाने पुढे जायची कळ दाबली, की स्वतःचं पाऊल पडताना दिसायलाही त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबावं लागे. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही टेलिफोनच्या तारेवरच. आपल्याकडचे कित्येक गेमर पुढे सायबर कॅफेतल्या एकमेकांना जोडलेल्या संगणकांवर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत वाढले, यात नवल नाही. भिंतीपलीकडच्या मित्रापर्यंत संदेश पोचायला एक-दोन मिलिसेकंद पुरत.

डिसेंबर १९९६ मध्ये ‘क्वेकवर्ल्ड’ आला. त्यात घरचा संगणक सर्व्हरची वाट न पाहता खेळाडूला लगेच पुढे नेतो, आणि मागाहून आलेल्या उत्तराशी आपला अंदाज जुळला नाही तर चूक दुरुस्त करतो. ‘ड्यूक नुकेम ३डी’मध्ये अशी कल्पना आधीच होती, पण इंटरनेटवरचे नेमबाजीचे खेळ खऱ्या अर्थाने खेळण्याजोगे झाले ते ‘क्वेकवर्ल्ड’पासून. आजही जाळं अडखळलं की पडद्यावरचा आपला माणूस झटक्याने मागे खेचला जातो. तो झटका म्हणजे तीच दुरुस्ती.

स्वतःची हालचाल अशी सुटली, शत्रूची मात्र सुटली नाही. पडद्यावर दिसणारा प्रतिस्पर्धी नेहमी थोड्या जुन्या क्षणातला असतो. त्यामुळे ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये गोळी लागावी म्हणून आपल्या विलंबाच्या हिशेबाने त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेवर नेम धरावा लागे. व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ‘हाफ-लाइफ’मधला उपाय सविस्तर मांडला. सर्व्हर सर्वांच्या अलीकडच्या जागांची नोंद ठेवतो. गोळी झाडल्याचा संदेश आला, की तिसरा पंच धावबादसाठी चित्रफीत मागे नेतो तसा काळ मागे नेऊन, झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते तपासतो आणि निकाल देतो.

नेमबाजाला न्याय मिळाला. पण किंमत कोणीतरी मोजायचीच होती, आणि ती मोजू लागला भिंतीआड पोचलेला माणूस. आपण सुखरूप आहोत असं त्याच्या पडद्यावर दिसत असताना तो मरतो. बर्नियर यांनी हे लपवलं नाही. जाणूनबुजून केलेली ही निवड योग्यच होती: नेम अचूक धरूनही गोळी वाया गेली, तर खेळातलं कौशल्यच निरर्थक ठरतं.

हाणामारीच्या खेळांत अडचण आणखी बारीक होते. तिथे सेकंदाला ६० चौकटी सरकतात आणि एक चौकट म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद. जुनी पद्धत दोघांच्याही कळा मुद्दाम काही चौकटी उशिराने लागू करी आणि हाताला बसलेली लय बिघडवी. ‘स्ट्रीट फायटर २’च्या २००६ मधल्या ऑनलाइन आवृत्तीवर नाराज होऊन टोनी कॅनन यांनी ‘जीजीपीओ’ हे तंत्र लिहिलं. प्रतिस्पर्धी आत्ता जी कळ दाबून आहे तीच पुढच्या चौकटीतही दाबलेली असेल, असं त्यात गृहीत धरतात. बहुतेक वेळा ते खरं निघतं. चुकलं तर खेळ काही चौकटी मागे नेऊन क्षणात पुन्हा चालवतात. २०१९ मध्ये त्यांनी ते सर्वांसाठी खुलं केलं. पुढच्याच वर्षी कोरोनाने स्पर्धांची सभागृहं बंद पाडली, आणि या तंत्राची मागणी खेळाडूच हक्काने करू लागले.

अंतरापुढे मात्र कोणतीही युक्ती चालत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला किमान ४० मिलिसेकंद. समुद्रातल्या केबलचं वळण आणि वाटेतली उपकरणं धरली, की आकडा आणखी चढतो. वेगवान प्लॅन घेऊनही तो उतरत नाही, कारण प्लॅनमुळे एका वेळी जास्त माहिती जाते. ती लवकर पोचत नाही. म्हणून वर्षानुवर्षं सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्या भारतीयांना स्थानिक सर्व्हर हवा होता. रायट गेम्सने २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’साठी मुंबईत सर्व्हर सुरू केले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या खेळाडूंचा सर्व्हर एकदम दाराशी आला, पण गुवाहाटीच्या खेळाडूला अर्धा देश ओलांडणं भागच होतं.

त्याच वर्षी रायटने या खेळाच्या नेटवर्कचं गणितही उघड केलं. कोपऱ्याआड दबा धरून बसलेल्यापेक्षा कोपऱ्यातून झपकन बाहेर येणाऱ्याला समोरचा आधी दिसतो. हा विलंबातून येणारा फायदा आहे. तो कमी करण्यासाठी कंपनीने सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांच्या आत, खेळाचा हिशेब करेल असा बांधला आणि सर्व्हर खेळाडूंच्या जवळ नेण्यावर भर दिला. तरीही तो फायदा पूर्ण मिटलेला नाही, आणि दबा धरणारे खेळाडू अजूनही त्याबद्दल तक्रार करतात.