दिनविशेष : २३ ऑगस्ट – आईने ओळखलेला वास

नॉर्वेचे डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅस्ब्यॉर्न फॉलिंग यांचा आज जन्मदिन (१८८८). बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन मुलांची आई त्यांच्याकडे आली होती. मुलांना कसलासा कुबट वास येतो, हे तिने कित्येकांना सांगून पाहिले होते. फॉलिंग यांनी ते मनावर घेतले, हेच त्यांचे खरे मोठेपण. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराईड टाकताच ती गर्द हिरवी झाली. त्यांनी त्यातले फेनिलपायरुविक आम्ल शोधून काढले, मग ४३० रुग्णांची लघवी तपासली आणि आणखी आठ जणांत तेच आढळले. हे संशोधन १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथिनांतले फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल शरीराला वापरता आले नाही, की ते रक्तात साचून मेंदूला इजा करते. हाच फेनिलकीटोन्युरिया हा आजार. त्यावरचा पथ्याहार १९५० च्या दशकात आला. त्या दोन भावंडांना तो वेळेत मिळाला नाही.

लघवीत खूण उशिरा दिसते, म्हणून आता नवजात बाळाच्या टाचेचे रक्त तपासतात. कर्नाटकात १९८० च्या दशकात लाखाहून अधिक बाळांची अमिनो आम्लांच्या दोषांसाठी तपासणी झाली. असे दोष आई आणि वडील दोघांकडून येतात. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मामा-आत्याच्या मुलांत लग्ने होतात, तिथे हा धोका वाढतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कामगार कुटुंबांनो, बाळंतपणानंतर घरी निघण्यापूर्वी या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.